खर्जाचे ओझे : सबवूफर हातात उचलण्याजोगा कसा झाला

१/
लहान कार्यक्रमांसाठी सबवूफर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानात तीन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात : खोके लहान आहे, आवाज दणदणीत आहे आणि खर्ज अगदी तळापर्यंत जातो. यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. तिन्ही एकत्र, त्याही फुकटात, कधीच मिळत नाहीत. गेल्या शंभर वर्षांत चित्रपटगृहांनी, अभियंत्यांनी आणि मुख्यतः वादकांनी या तिसऱ्या गोष्टीची किंमत वेगवेगळ्या नाण्यांत मोजली. त्या हिशेबाचा हा थ्रेड.

२/
प्रथम अडचण काय ती पाहू. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. या स्वराच्या एका ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते, म्हणजे एखाद्या लहान सभागृहाची रुंदीच. एवढी लहर निर्माण करायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. स्वर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटले, तर चौपट हवा हलवावी लागते. दोन सप्तके खाली, तर सोळापट. बासरी खिशात मावते आणि डबल बास माणसाहून उंच असतो, त्यामागे हेच गणित आहे.

३/
त्यात आपला कानही खर्जाशी पक्षपात करतो. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून हे स्पष्ट झाले. मधल्या पट्टीतला स्वर आणि खर्जातला स्वर सारख्याच मोठ्याने ऐकू यावेत असे वाटत असेल, तर खर्जाला कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो. आवाज जितका हळू, तितकी ही तफावत अधिक. म्हणजे खर्ज निर्माण करणे महाग, आणि निर्माण केल्यावर कान त्याची दखल घेणार कमी. या आलेखांचा संबंध पुढे थेट आपल्या शेजाऱ्यांशी येणार आहे, म्हणून ते ध्यानात असू द्यावेत.

४/
आजचा प्रत्येक सबवूफर ज्या तत्त्वावर चालतो ते १९२५ मधले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी आपला शोधनिबंध मांडला : चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू, आणि शंकूच्या पुढच्या-मागच्या हवेची गाठ पडू नये म्हणून मध्ये आडोसा. हा आडोसा म्हणजेच खोक्याचा पूर्वज. शंकू पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन्ही एकमेकींना भेटल्या की खर्ज जागच्या जागी विरतो. म्हणून उघडा स्पीकर केवढाही मोठा असला तरी तो चिरकाच वाजतो.

५/
१९३२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना एका सुंदर युक्तीचे पेटंट मिळाले. खोक्याला ठरावीक मापाचे भोक ठेवले तर आतली हवा बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखी घुमते, आणि शंकूची मागची मेहनत वाया न जाता पुढच्या आवाजात भर घालते. आज बहुतेक सबवूफरांच्या तोंडावर जे पोर्ट नावाचे बोगदे दिसतात ते याच युक्तीचे वंशज. मात्र भोक केवढे नि खोके केवढे हे नेमके कसे ठरवावे, याचे समाधानकारक गणित मिळायला आणखी तीस वर्षे जावी लागली. तोवर सुतारकाम आणि अंदाज यांचे राज्य होते.

६/
बोलपटांना मात्र थांबायला वेळ नव्हता. हजार-दीड हजार प्रेक्षकांचे सभागृह, आणि त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर अगदी तोकड्या वॅटचे. अशा वेळी मार्ग एकच : थोड्या विजेतून जास्तीत जास्त आवाज काढणारा कर्णा. पण खर्जाच्या कर्ण्याचे तोंड खर्जाच्या लहरीशी नाते सांगेल एवढे रुंद असावे लागते. १९३०च्या दशकात एमजीएमच्या ध्वनिविभागात डग्लस शियरर यांच्या देखरेखीखाली तयार झालेले कर्णे पडद्यामागची भिंतच व्यापत. त्यांना हरकत नव्हती. चित्रपटगृह गावोगाव न्यावे लागत नाही. मोठा आवाज आणि खोल खर्ज मिळाला, लहानपणावर पाणी सोडले.

७/
आपल्याकडच्या राजकीय सभांचा आणि जत्रांचा लोखंडी कर्णा आठवावा. तो नेमका उलट सौदा करतो. हातात मावतो, खांबावर चढतो, थोड्या वॅटमध्ये मैलभर ऐकू जातो. आणि त्यातून तबल्याची चाट ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा येत नाही. तंत्रज्ञांचा हा निष्काळजीपणा नव्हे. एवढ्याशा तोंडातून खर्ज बाहेर पडूच शकत नाही. लहान आणि दणदणीत हवे, तर खोली सोडा.

८/
पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकायला आणलेला कर्णा यात एक चतुराई करून गेला. त्यांनी कर्णा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि दोन भिंती व जमीन यांनाच कर्ण्याच्या तोंडाचा विस्तार मानले. जे लाकूड विकत घ्यायचे ते घराने फुकट दिले. कोपऱ्याचे हे ऋण आजही फिटलेले नाही. त्याच्याकडे शेवटी परत यावे लागेल.

९/
आता वादकांकडे वळू. खर्जाचे खरे ओझे त्यांच्या पाठीवर होते. नृत्यमंडळींच्या वाद्यवृंदात डबल बासवाला रात्रभर बोटे झिजवी आणि पितळी वाद्यांपुढे कुणाला ऐकू येत नसे. एव्हरेट हल हे स्वतः बासवादक. त्यांनी १९४०च्या दशकात डबल बासला जमिनीवर टेकवणाऱ्या खुंटीतच ध्वनिग्राहक बसवला. या ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’वरूनच ‘अँपेग’ हे कंपनीचे नाव पडले. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास आणला. डबल बासचे धूड एका फळीत आले, गाडीच्या मागच्या आसनावर मावू लागले.

१०/
मात्र ओझे नाहीसे झाले नव्हते, वाद्यातून निघून स्पीकरच्या खोक्यात जाऊन बसले होते. फेंडरच फार दिवस थांबले नाहीत. १९५२ मध्ये पंधरा इंची स्पीकरचा बासमन अ‍ॅम्प्लिफायर आला. भरीव लाकडाच्या बासला स्वतःचा असा आवाज नसतो. डबल बासच्या पोटातली हवा जे काम करी, ते आता या खोक्याने करायचे होते.

११/
या कथेत मला सर्वाधिक आवडणारी वस्तू १९६० ची आहे : अँपेगचा पोर्टाफ्लेक्स बी-१५. पंधरा इंचांचा एक स्पीकर, सुमारे २५ वॅट, आणि अ‍ॅम्प्लिफायर झाकणाला उलटा टांगलेला. कार्यक्रम संपला की झाकण उलटवायचे, काचेच्या नळ्यांसकट अ‍ॅम्प्लिफायर खोक्याच्या पोटात जाई, वर कड्या लावायच्या. खाली ठेवायला चाकांची गाडी सोबत मिळे. जेस ऑलिव्हर यांची ही रचना. वादकाला रात्री दोन वाजता हे सगळे एकट्याने न्यायचे आहे, याचा विचार करून बनवलेली वस्तू. मोटाउनचे बासवादक जेम्स जेमरसन यांच्या वाजवण्याशी या खोक्याचे नाव कायमचे जोडले गेले.

१२/
खोके लहान करण्याचे शास्त्र याच सुमारास घरगुती श्रवणाच्या क्षेत्रात तयार होत होते. न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादन शिकवणारे एडगर व्हिल्चर यांच्या लक्षात आले की शंकूला जागेवर परत आणणारी ताठर कडाच खर्ज बिघडवते. त्यांनी ती कड सैल केली आणि खोके हवाबंद. आता स्प्रिंगचे काम कोंडलेली हवा करू लागली, आणि हवेसारखी नितळ स्प्रिंग कारखान्यात बनत नाही. १९५४ मध्ये त्यांनी आपले विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्यासह अ‍ॅकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचा एआर-१ पुस्तकांच्या फडताळात मावे आणि कपाटाएवढ्या खोक्यांना खर्जात लाजवी.

१३/
सौदा इथेही होताच. एआर-१ ला तेवढ्याच आवाजासाठी पुष्कळ अधिक वीज लागे. लहान आणि खोल मिळाले, दणदणीतपणा महागला. घरातल्या दिवाणखान्याला तो चालला, तीनशे माणसांच्या नृत्यगृहाला चालला नसता.

१४/
क्लॉस यांनी १९५७ मध्ये केएलएच ही दुसरी कंपनी काढली. तिच्या नावातला ‘एच’ म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन, विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे पुत्र. आतापर्यंत आपण जे तीन सौदे पाहिले ते एका वाक्यात बांधण्याचे श्रेय या हॉफमनांना दिले जाते. ध्वनितंत्रज्ञ त्याला आजही ‘हॉफमनचा लोहनियम’ म्हणतात. खोक्याचे घनफळ, खर्जाची खोली आणि विजेतून आवाज काढण्याची कार्यक्षमता या तिघांची एकच मोट आहे. त्यातही खोली सर्वांत महाग, कारण ती घनाच्या पटीत मोजावी लागते.

१५/
उदाहरण घेऊ. एक सबवूफर ५० हर्ट्झपर्यंत उतरतो. तुम्हाला ४० हवे. फरक दहाचाच दिसतो. पण तेवढ्यासाठी खोके जवळजवळ दुप्पट मोठे करावे लागेल, किंवा खोके तेवढेच ठेवून वीज जवळजवळ दुप्पट. ८० वरून ४० वर, म्हणजे पूर्ण सप्तक खाली जायचे, तर आठपट. जाहिरातीच्या कागदावर शेवटचे दहा हर्ट्झ छापायला काही लागत नाही. प्रत्यक्षात सगळा खर्च त्यातच आहे.

१६/
पोर्टच्या भोकाचे गणितही याच काळात सुटले. ऑस्ट्रेलियातील अभियंता नेव्हिल थील यांचा निबंध १९६१ मध्ये तिथल्याच एका नियतकालिकात आला आणि उर्वरित जगाने दहा वर्षे त्याकडे पाहिलेही नाही. १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुनर्मुद्रित झाला, आणि सिडनी विद्यापीठात संशोधन करणारे रिचर्ड स्मॉल यांनी त्याचा विस्तार केला. आता स्पीकरची चार-सहा मोजमापे घ्यावीत आणि खोके कागदावरच ठरवावे, हे शक्य झाले. आजच्या प्रत्येक स्पीकरच्या तांत्रिक पत्रकावर ‘थील-स्मॉल’ ही जोडी छापलेली असते.

१७/
रंगमंचावर मात्र या वर्षांत नाजूकपणाला जागा नव्हती. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शेआ स्टेडियममध्ये बीटल्स पंचावन्न हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागे शंभर वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर होते आणि गायन मैदानाच्या घोषणायंत्रणेतून ऐकवले जात होते. किंकाळ्यांपुढे काहीच टिकले नाही. उत्तर म्हणून वॅट वाढले. १९६९ चा अँपेग एसव्हीटी ३०० वॅटचा होता, त्यात चौदा नळ्या होत्या आणि स्पीकर वेगळे ठेवून नुसता अ‍ॅम्प्लिफायरच चाळीस किलोंच्या घरात जाई.

१८/
त्याआधीच जमैकात, किंग्स्टनच्या वस्त्यांत, बासचा निराळाच इतिहास घडत होता. १९५०च्या दशकात वाद्यवृंद परवडत नसे तिथे ‘साउंड सिस्टीम’ म्हणजे तबकड्या, अ‍ॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढी खोकी घेऊन फिरणारे लोक नृत्य भरवत. हेडली जोन्स यांच्यासारखे कारागीर ही यंत्रणा हाताने घडवत. नृत्य उघड्या अंगणात होई. भिंती नाहीत, कोपरा नाही, छप्पर नाही. म्हणजे क्लिप्श यांना घराने दिलेली मदत इथे शून्य. म्हणून खोकी मोठी, अजून मोठी. खर्ज हे ऐकण्याइतकेच अंगाने अनुभवण्याचे सुख आहे, हे जगातल्या सार्वजनिक संगीताला या अंगणांनी शिकवले, असे माझे मत आहे.

१९/
अतिरेकाचे शिखर १९७४. ग्रेटफुल डेड या अमेरिकी वाद्यवृंदाने ‘वॉल ऑफ साउंड’ उभी केली : कलावंतांच्या पाठीमागे स्पीकरांची अक्षरशः भिंत, सुमारे पंचाहत्तर टन वजनाची. बासच्या प्रत्येक तारेला स्वतंत्र स्पीकर देण्याची सोय त्यात होती. आवाज अप्रतिम होता असे ऐकणारे सांगतात. पण एक रंगमंच वापरात असताना दुसरा पुढच्या गावी बांधावा लागे, आणि तो खर्च पेलेना. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भिंत कायमची उतरली. १९७४ मध्येच ‘अर्थक्वेक’ चित्रपटासाठी सेन्सराउंड यंत्रणेचे प्रचंड खोके चित्रपटगृहांत बसवले गेले. तिथे खर्जाने प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवल्या.

२०/
मग खोके लहान कसे झाले? नियम मोडून नव्हे. वीज स्वस्त करून. दोन शोध इथे निर्णायक ठरले. एक, निओडिमियम चुंबक : १९८०च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक यांनी स्वतंत्रपणे शोधलेला. मुठीएवढा चुंबक आता ताटाएवढ्या फेराइटचे काम करू लागला.

२१/
दुसरा, क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर. वीज सतत जिरवत न बसता सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करायची आणि त्या उघडझापीतून ध्वनी घडवायचा, ही कल्पना जुनी. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ मध्येच तिचा एक्स-१० नावाचा जोडणीसंच विकायला काढला होता. दहा वॅटचे आश्वासन त्याने पाळले नाही, कारण त्या काळचे ट्रान्झिस्टर तेवढ्या चपळाईने उघडझाप करू शकत नव्हते. पुढे जलद मॉस्फेट आले आणि कल्पना फळली. पूर्वी जे वॅट दोघांनी उचलायच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येत, ते आज खोक्याच्या पाठीला बसवलेल्या एका पत्र्याएवढ्या पाटीतून येतात आणि ती फारशी तापतही नाही.

२२/
या शोधांवर उभी राहिलेली लहान कार्यक्रमांची यंत्रणा २००३ मध्ये बोस कंपनीच्या एल-१ रूपाने ठळकपणे पुढे आली : उंच सडपातळ स्तंभ, पायाशी लहानसा बास-खोका, आणि सगळे कलावंतांच्या मागे. ज्यांना पंचाहत्तर टनांची भिंत आठवते त्यांना मांडणी ओळखीची वाटेल. फरक इतकाच की हा संच एकटा गायक गाडीच्या डिकीतून नेतो, आणि त्याच्या बास-खोक्याकडून कुणी तारेगणिक स्वतंत्र स्पीकरची अपेक्षा करत नाही.

२३/
आता दुकानात परत. पहिला प्रश्न सबवूफर कोणता हा नाही; लागतो का, हा आहे. गायन, पेटी, गिटार, बासरी यांचा बहुतेक कारभार ८० हर्ट्झच्या वर चालतो. पन्नास-साठ श्रोत्यांची गझलेची बैठक असेल तर बारा इंची दोन चांगले स्पीकर पुरतात, डग्गाही त्यातून बरा घुमतो. बास गिटार, ड्रमचा किक, ऑक्टापॅड किंवा सिंथेसायझर मंचावर आले की सबवूफरची वेळ येते. तेव्हासुद्धा त्याचा अर्धा लाभ वेगळाच असतो : खर्ज तिकडे वळवल्यामुळे मुख्य स्पीकर मोकळे होतात आणि शब्द स्वच्छ येतात.

२४/
४१ हर्ट्झ तळापर्यंत हवेच का? बहुधा नाही. बासच्या त्या तारेतून ८२ चा स्वरही निघतो, आणि मूळ स्वर क्षीण असला तरी वरच्या स्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. लहान सभागृहात ४५-५० पर्यंत ठामपणे वाजणारा सबवूफर, ३५ पर्यंत कसाबसा पोहोचणाऱ्यापेक्षा मी केव्हाही पसंत करीन. छापील आकडा वाचताना त्यापुढे उणे तीन डेसिबल लिहिले आहे की उणे दहा, ते पाहावे. उणे दहाला खर्ज कानाला जवळजवळ निम्माच उरलेला असतो. आणखी एक. आतले संगणकीय नियंत्रण स्पीकर वाचवण्यासाठी आवाज वाढताच तळाचा खर्ज गुपचूप कापते. म्हणून दुकानात हळू आवाजात ऐकून निर्णय घेऊ नये. कार्यक्रमात लागेल तेवढ्या आवाजात, बासवादकाला सोबत नेऊन ऐकावे.

२५/
‘पीक २००० वॅट’ या शब्दांना फारसे महत्त्व देऊ नये. वॅट दुप्पट झाले की फक्त तीन डेसिबल वाढतात. उलट सबवूफर जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवला तर एकेका पृष्ठभागामागे सहा डेसिबलपर्यंत लाभ होतो, म्हणजे चौपट वॅटएवढा, आणि तोही फुकट. क्लिप्श यांचा कोपरा तो हाच. मात्र भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवलात तर ८० हर्ट्झच्या आसपासची लहर भिंतीवरून उलटी परतून मूळ आवाज खाते. एकतर चिकटवून ठेवा, नाहीतर पुष्कळ दूर. उघड्या अंगणातल्या लग्नात हे साहाय्य मिळणार नाही. तिथे किंग्स्टनचा न्याय लागतो, खोकी वाढवावी लागतात.

२६/
शेजाऱ्यांचा प्रश्न. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि मोजणी ‘ए’ मापाने होते. हे माप फ्लेचर-मन्सन यांच्या आलेखांवरून, मंद आवाजाला कान कसा प्रतिसाद देतो त्यावर बेतलेले. त्यामुळे ५० हर्ट्झच्या ध्वनीला ते सुमारे ३० डेसिबलची सूट देते. खर्ज भिंतींतून सहज पार होतो, तक्रार करणाऱ्याची खिडकी थरथरते, आणि मोजयंत्र त्यातले फारसे काही दाखवत नाही. मिरवणुकांच्या काळात डेसिबलवरून होणाऱ्या वादांत दोन्ही बाजू आपापल्या परीने खरे बोलत असतात ते यामुळे.

२७/
उरला आकार. अठरा इंची एक सबवूफर घ्यावा की बारा इंची दोन? दोन बारांच्या शंकूंचे क्षेत्रफळ एका अठराच्या जवळपास जाते. अठरा इंची खोके साधारणपणे चाळीस किलोंच्या आसपास, कधी अधिक. बारा इंची वीस-पंचवीस. जुन्या इमारतीचा जिना, लिफ्ट बंद, सोबत कुणी नाही, अशा वेळी दोन फेऱ्या मारता येतात, अर्धे खोके नेता येत नाही. बैठक लहान असेल तर एकच न्यावे. मोठी असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवून ठेवावेत, म्हणजे सहा डेसिबल वाढतात. तळाच्या पाच-सात हर्ट्झवर पाणी सोडावे लागेल, ते मी खुशीने सोडीन. पोर्टाफ्लेक्सबरोबर चाकांची गाडी येत असे. आज ती बहुधा वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ती घ्यावी.

(थ्रेड समाप्त)